ठकूआक्काच्या मळ्यातला राब

ठकूआक्का गेली तेव्हा मी माहेरी होते. फाल्गुन सरत आला तशी घाट चढून परत निघाले आणि खडकीच्या शिवारात पाणी प्यायला थांबले, तर उसाच्या मळ्यातला ओळखीचा गडी म्हणाला, "आक्काला पोचवून आठ दिस झालं की. तुमाला कुनी सांगितलं न्हाई?" मी तिथंच बांधावर बसले. रडू लगेच आलं नाही. आधी मनात आलं ते हेच, की आता पुण्यात माझं कोण? नवरा आहे, लेकरं आहेत, तरी असं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

नारायण पेठेच्या मागे, मुठेच्या काठाला आक्काचा मळा. ती मूळची गंगथडीची, गोदेच्या काठची. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं. फौजेतल्या भावाबरोबर पुण्याला आली, भाऊ कुठल्याशा स्वारीवर गेला तो परतलाच नाही, आणि हिने कुणापुढे पदर न पसरता हा मळा खंडाने धरला. पोटी मूल नव्हतं. दोन बैल होते. बैलांशी ती माणसाशी बोलावं तसं मायेने बोले आणि माणसांना बैलासारखी हाकारे. आमचे हे सरकारी पागेत मोतद्दार, घोड्यांचं दाणापाणी त्यांच्याकडे. आक्काच्या मळ्याला लागून आमची झोपडी, म्हणून लग्नानंतर तळकोकणातून आले ती मी थेट तिच्या हाताखाली आले.

आल्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न ठरेना. आमच्याकडे सकाळी ऊन ऊन पेज, दुपारी भात आणि कुळथाचं सार. इथे तिन्ही त्रिकाळ जोंधळ्याची भाकरी. घास घशात फिरायचा, पाण्याचा घोट घेऊन ढकलला तर उलटून यायचा. चार महिन्यांत माझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. हे एक दिवस खाली बघत म्हणाले, "पावसाळा सरून घाट मोकळा झाला, की दिवाळीला तुला गावी पोचवतो." चांगल्या मनानेच म्हणाले. पण परत आलेल्या सुनेकडे गाव कोणत्या नजरेनं बघतं ते मला माहीत होतं... आणि मोतद्दाराला पुण्यात दुसरी बायको मिळायला किती वेळ लागतो, तेही.

आक्काने माझी समजूत घातली नाही. ती माझ्याशी भांडायची. मी ओढ्याला व्हाळ म्हटलं की म्हणायची, "बोलतीस का खोकतीस?" तिचं ते वावर, माझं शेत आणि पलीकडच्या मळ्यातल्या विठोजीबाबांचं रान, जमिनीचा तुकडा मात्र सगळ्यांचा तसाच, घाम काढणारा. एकदा तिने हुलग्याचं माडगं माझ्यापुढे ठेवलं. चव घेतली तर आमचा कुळीथच तो! मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. त्या दिवशी तिने ओढ्याकाठचा पाणथळ कोपरा मला दाखवला आणि म्हणाली, "हितं माजं काईच येत न्हाई. तुज्या गावाकडं काय करत्यात ते कर."

आमच्याकडे वैशाखात राब भाजतात. जिथे भाताची रोपं करायची तिथे पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जाळायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. आक्का बाजाराला गेली होती. मी मोठ्या हौसेनं राब रचला आणि पेटवला. आमच्या कातळावर भोवती जळायला काही नसतं, म्हणून इथंही मी भोवती पाहिलंच नाही. देशावरचा वैशाखातला वारा तो. बघता बघता काट्यांचं कुंपण पेटलं आणि कुंपणाआड आक्काच्या बैलांचा, पावसाळ्यापर्यंत पुरायचा म्हणून रचलेला, सगळा कडबा.

लोक धावले, घागरी आल्या, मोटेचं पाणी वळवलं. आग विझेपर्यंत कडब्याची राख झाली होती. विठोजीबाबा पुण्याचे पिढीजात, आवाज न चढवता बोलणारे. मला म्हणाले, "काय सूनबाई, थंडी वाजत हुती?" बाकीचे तेवढे शांत नव्हते. आजच्या आज हिला गावी धाडा, नाहीतर उद्या ही पेठ पेटवील, असा गिल्ला झाला. तेवढ्यात आक्का आली. डोक्यावरची पाटी उतरवली, राख बघितली, मला बघितलं आणि कंबरेवर हात ठेवून लोकांना म्हणाली, "कडबा माजा, बैल माजं, पोरगीबी माजी. तुमचं काय जळालं?"

लोक गेल्यावर मी तिचे पाय धरले, तर तिने झटकले. "रडून बैलांची पोटं भरत्यात व्हय? खडकीला गुऱ्हाळ चालू हाय. वाढं मागून आन." दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे निघायची, नदी उतरून खडकी गाठायची आणि उसाच्या शेंड्यांचा, म्हणजे त्या वाढ्याचा, भारा डोक्यावर घेऊन उन्हात परतायची. गुऱ्हाळ संपल्यावर वडापिंपळाचा पाला. मान मोडायची, पायाला फोड यायचे. आल्याबरोबर आक्का हातावर भाकरी ठेवायची, वर ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. काय खातेय हे बघायला सवड कुणाला होती? एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या अडीच. ही भाकरी आपल्या घशाखाली उतरते आहे, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा पाऊस लागून पंधरा दिवस झाले होते.

त्या जळक्या कोपऱ्यात भात आलं, चांगलं कमरेएवढं. दिवाळीला ह्यांनी घाट उतरणारा बैलांचा तांडा पाहून ठेवला होता. आक्का त्यांना म्हणाली, "न्यायची तर ने. पर आदी तिला इचार." तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "मी नाय जात. माझं भात कापायचं आहे." हे हसले, आणि तांडा आमच्यावाचून गेला. त्या भाताची वाटीभर पेज मी आक्काला दिली. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "ह्याच्यासाठी माजा कडबा जाळलास?" पण पुढच्या वैशाखात तिनेच आपला कडबा दूर रचून मला कोपरा मोकळा करून दिला, आणि पुढे दर वर्षी. भात मात्र तिला कधीच गोड लागला नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा कुणी पेज पुढे केली तर तोंड फिरवायची म्हणे. मी जवळ नव्हते... ते शल्य राहणारच.

खडकीहून त्या दिवशी मळ्यात आले तर बैलांपुढे वैरण होती, मोट चालू होती. आक्का गेल्यापासून विठोजीबाबा न सांगता दोन्ही मळे बघत होते. मळा पुढे मी धरावा हेही त्यांनीच जमीनमालकांच्या कानावर घातलं, पण मला त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. परवा मी ओढ्याकाठी एकटीच उभी होते. यंदा काही पेरू नये, असंच मनात होतं. तर विठोजीबाबा डोक्यावर वाळक्या पाल्याची पाटी घेऊन आले, मागे त्यांच्या दोन सुना, त्यांच्याही डोक्यावर पाट्या. माझ्या पायाशी पाला ओतून म्हणाले, "राब कवा भाजायचा?" वीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ते जायला वळले, पुन्हा थांबले. "आनि सूनबाई, बेलाशक पेटवा. माजा कडबा मी कालच हलिवलाय."

मी हसले, आक्का गेल्यापासून पहिल्यांदा. मग वाऱ्याचा अंदाज घेतला आणि विस्तव लावला.