दोन स्टॉपांत मारलेला राक्षस

कोराडीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही, आणि आता विचारायचंही नाही. मोबाइलवरच्या खेळात मी सहा महिने राक्षसाच्या गडाकडे रमतगमत चाललो होतो. वाटेत भेटणाऱ्या म्हातारीच्या गोष्टी ऐकत, तळ्याकाठी थांबत.

परवा ते म्हणाले, "काहून टाइम खराब करून राहिले जी? गोष्टी ऐकून काय भेटते? स्किप मारत जा."

आणि न विचारता फोन घेतला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी म्हातारीला गप्प केलं आणि दोन स्टॉपांत राक्षस मारला. मग फोन शर्टाला पुसून माझ्या हातात दिला. "घ्या, झालं तुमचं काम."

मी थँक्यू म्हणालो. त्याचाच राग अजून जात नाही.