आमसूलचा वाडगा आणि कर्णिक काकू

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत एक बातमी फिरत होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या कर्णिक काकू कुत्र्याचं खाणं खातात.

बातमीचा उगम मथुराबाई. मथुराबाई आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांची भांडी घासतात आणि उरलेल्या निम्म्या घरांना त्या घरांची माहिती पुरवतात. त्यांनी म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. काकू ओट्याशी उभ्या, एका हातात कुत्र्याचा वाडगा, दुसऱ्या हातातला चमचा थेट तोंडात. बातमी तळमजल्यावर पोचेपर्यंत काकूंचं पेन्शन अडकलं होतं. बी विंगमध्ये पोचली तेव्हा त्या चहात कुत्र्याची बिस्किटं बुडवायला लागल्या होत्या. आमच्या घरी ती सगळ्यात उशिरा आली, पण आईनं लगेच पोळीभाजीचा डबा भरून माझ्या हातात दिला आणि वर बजावलं, की काही विचारू नकोस, नुसता ठेवून ये.

काकूंनी दार उघडलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे आज कळलं वाटतं. खालच्यांचा डबा कालच आला."

तर ती बातमी चुकीची आहे, हे मी इथे एकदाचं लिहून टाकते. काकू कुत्र्याचं खाणं खात नाहीत. चाखतात. खाल्लं की पोट भरतं, चाखलं की मत होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि मत हा काकूंचा आयुष्यभराचा उद्योग.

तसं पाहिलं तर उल्का कर्णिक म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या कारकून. पण ती झाली कामाच्या दिवसांची ओळख. रविवारी त्या परीक्षक असत. पुण्यात कुठल्याही महिला मंडळाची, गणेश मंडळाची पाककृती स्पर्धा असो, शेवटच्या टेबलामागे चमचा आणि पाण्याचा पेला घेऊन काकू बसलेल्या. लोक आठवडाभर राबून उकडीचे मोदक आणायचे, वर केशराची काडी, खाली केळीचं पान. काकू एक घास तोंडात ठेवायच्या, हनुवटी जराशी डावीकडे वळवायच्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं आहे." हे पहिल्या नंबरचं लक्षण. त्याच्या खाली "असू दे". आणि काही न बोलता घोटभर पाणी प्यायल्या तर त्या बाईनं पुढच्या वर्षी रांगोळीत नाव द्यावं. "छान" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता मी नकला करते, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांनाच माहीत आहे, काहींना नको तितकं. सातवीपासून गणपतीच्या कार्यक्रमात माझा आयटम असतो, आणि त्यात टाळ्या कशाला पडतात तर कर्णिक काकूंच्या "बरं आहे"ला. हनुवटी, घड्याळ, आणि 'आहे'मधला तो 'हे' खाली सोडून देणं. एकदा मी जिन्यातून नुसतं "बरं आहे" म्हटलं तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हातातली भाजीची पिशवी मागे लपवली होती.

काकूंच्या कुत्र्याचं नाव आमसूल. रंग तोच, सुरकुत्याही आता त्याच. सोसायटीतले एक भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा फ्रिज नेला, तुळस नेली, कुत्रा गेटपाशी ठेवला. तो गेटकडे बघत बसून राहिला. काकू भाजी घेऊन गाडीतळाच्या बाजारातून येत होत्या. त्यांनी त्याला वर नेलं आणि वॉचमनला सांगितलं, तात्पुरता आहे. त्याला आता कैक वर्षं झाली. आमसूल म्हातारा झाला, पण अजूनही कोणी विचारलं तर काकू म्हणतात, तात्पुरता आहे.

इतकी वर्षं त्याचं जेवण दूध-पोळी. दिवाळीच्या सुमाराला त्याचं अंग खाजायला लागलं, पोट बिघडायला लागलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, की दूध बंद, पोळी कमी, म्हाताऱ्या कुत्र्याला मानवेल असं काही तरी सुरू करा. कांदा-लसूण, द्राक्षं, बेदाणे चुकूनही नको. बाकी काय द्यायचं ते तुम्ही बघा. 'तुम्ही बघा' हे वाक्य कर्णिक काकूंना सांगायचं नसतं. त्या बघतातच.

सगळ्यात आधी पाचव्या मजल्यावरचा सलिलदादा मदतीला आला. त्याच्याकडे बीगल आहे आणि त्याहून जास्त माहिती आहे. त्यानं परदेशी पाकीट आणलं, ज्यावर बर्फाचा डोंगर होता. "काकू, हे टोटली ग्रेन-फ्री आहे, आपण त्यांना जंगलातलं ओरिजिनल डाएट देतो ना, तसं." काकूंनी विचारलं, की आमसूलचं जंगल कुठलं, दिवे घाटातलं का? आमसूलनं त्यातला एक दाणा तोंडात धरला, सावकाश चालत दारापाशी गेला आणि सलिलदादाच्या बुटात ठेवून आला.

मग काकू मला घेऊन इरफानभाईंच्या दुकानात गेल्या. मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं प्राण्यांच्या खाण्याचं दुकान आहे. इरफानभाई बोलतात ते एका दमात. "ये देखो काकू, हा चिकनवाला, हा लॅम्बवाला, हा सीनियर, एकदम सॉफ्ट, दात नसले तरी चालतंय, कुत्रा वाडगा चाटून धुऊन ठेवणार, आपली गॅरंटी."

"तुम्ही चाखून पाहिलंय?"

"मी? अहो काकू, हे माणसांसाठी थोडीच आहे."

"मग पाकिटावर 'अतिशय चविष्ट' असं कोणी लिहिलं? कुत्र्यानं?"

इरफानभाईंचा दम पहिल्यांदाच मधे तुटला. काकूंनी नमुन्याच्या बरण्या उघडायला लावल्या, पर्समधून स्वतःचा चमचा काढला आणि काउंटरपाशी उभ्या राहून एकेक दाणा चाखून रुमालात टाकत गेल्या. एकाला "पुठ्ठा" म्हणाल्या. दुसऱ्याला "तोच पुठ्ठा, भिजलेला". मागे एक कॉलेजवाला आपल्या मांजरीचं खाणं घ्यायला उभा होता, तो हळूच निघून गेला. शेवटच्या बरणीला काकूंनी हनुवटी डावीकडे वळवली आणि भिंतीवर घड्याळ नव्हतं म्हणून माशांच्या टाकीकडे पाहिलं. "असू दे," म्हणाल्या. इरफानभाई आता गिऱ्हाइकांना सांगतात, हे कर्णिक काकूंनी पास केलंय.

त्या 'असू दे'चं 'बरं आहे' काकूंनी घरी केलं. दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, त्यात उकडलेला लाल भोपळा आणि थोडं उकडलेलं चिकन कुस्करायचं, मीठ अजिबात नाही. डॉक्टर हो म्हणाले. आमसूलची खाज थांबली, तो पुन्हा जिने चढायला लागला. रोज संध्याकाळी काकू ओट्याशी चमचाभर चाखून "बरं आहे" म्हणायच्या, वाडगा खाली ठेवायच्या आणि तो जेवायचा. मथुराबाईंना दिसला तो हाच चमचा.

आमसूल जिने चढायला लागला आणि काकू चढेनाशा झाल्या. त्यांचा उजवा गुडघा केव्हाचा गेलेला. उतरताना कठडा धरून आडव्या उतरायच्या, खेकड्यासारख्या. ऑपरेशन ठरलं होतं आणि काकू ते सारखं पुढे ढकलत होत्या. कधी पितृपक्ष आडवा आला, कधी दिवाळीचा फराळ. खरं कारण बाबांनी शेवटी वदवून घेतलं. हॉस्पिटलात आठवडाभर राहायचं, तोवर आमसूलला जेवू कोण घालणार? आई म्हणाली, आम्ही. समोरासमोर तर दारं आहेत.

म्हणून रंगीत तालीम झाली. तोच वाडगा, तेच दाणे, तोच भोपळा, काकूंनी स्वतः कालवलेला. फक्त ठेवला आमच्या स्वयंपाकघरात आणि ठेवला आईनं. आमसूलनं वाडग्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दाराकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, थोडं तूप घालून बघू. सलिलदादा म्हणाला, पाकिटाची बॅच बदलली असणार, मी कंपनीला मेल टाकतो. बाबांचं मत पडलं, की काकूंचा फोटो वाडग्यासमोर ठेवावा. काकूंनी बाबांकडे नुसतं पाहिलं, आणि बाबांनी फोटोला हार घालायच्या आतच विषय मागे घेतला.

दोन दिवसांत आमसूलच्या बरगड्या दिसायला लागल्या. काकू परत आपल्या घरी त्याला घेऊन गेल्या, तिथे तो जेवला, आणि त्यांनी हॉस्पिटलला फोन करून सांगितलं, की पुढच्या उन्हाळ्यात बघू. फोन ठेवून त्या उठल्या तेव्हा गुडघा असा वाजला की मला आमच्या दारात ऐकू आला.

आता मी ज्या माणसाची नक्कल करते त्याला जरा जास्तच बघते. काकू वाडगा घेऊन उभ्या असतात तेव्हा आमसूल नुसता पडलेला असतो. "बरं आहे" झालं की तो उठतो. मला एकदम उमजलं. त्याला काकू नकोत, त्याला निकाल हवाय. आणि निकाल तर मी झोपेतसुद्धा देऊ शकते.

मी काकूंना म्हटलं, तुम्ही खुशाल ऑपरेशन करा, मी त्याला तुमच्या आवाजात जेवू घालते. पैज लावा.

काकूंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "आवाज तुझा बरा आहे. पण आमसूल प्रेक्षक नाहीये."

पैज अशी ठरली. माझ्या आवाजावर तो जेवला, तर गणपतीच्या कार्यक्रमात काकू स्वतः स्टेजवर खुर्ची टाकून बसणार आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांची नक्कल करणार. नाही जेवला, तर काकूंची नक्कल कायमची बंद. माझा सगळा आयटमच त्यावर उभा होता, पण मला काळजी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू आमच्या बेडरूमच्या दारामागे बसल्या. मी त्यांचा चष्मा लावला, त्यांची शाल पांघरली, ओट्याशी उभी राहिले. चमचा भरला, तोंडाजवळ नेला, हनुवटी डावीकडे, नजर घड्याळाकडे.

"बरं आहे."

इतकं चांगलं ते मी स्टेजवरही कधी केलं नव्हतं. दाराआड आई फिसकन हसली. आमसूल उठला. शेपूट एकदा हलली. तो माझ्यापर्यंत आला, मी वाकून वाडगा ठेवला तसं त्यानं माझं तोंड हुंगलं, नीट, दोन्ही बाजूंनी. मग परत जाऊन बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसला. मी पुन्हा केलं, 'हे' आणखी खाली सोडून. त्यानं वळूनही पाहिलं नाही. पाण्याच्या भांड्यापाशी गेला आणि घोटभर पाणी प्यायला.

दारामागून काकूंचा आवाज आला. "चमचा तोंडात घातलास?"

"नाही."

"न चाखता निकाल देतेस? आणि त्यानं मानायचा?"

मला तेव्हा कळलं, की काकूंना हे आधीपासून ठाऊक होतं. मी दार ढकलून विचारलं, की मग इतके दिवस बोलला का नाहीत. काकू खुर्चीवर गुडघा चोळत बसल्या होत्या. "काय सांगू? तुझ्या आईला म्हणू, की वहिनी, कुत्र्याचं जरा चाखून द्या? तुमच्या डब्यातली भाजी अजून फ्रिजमध्ये आहे माझ्या."

आई आत काही तरी शोधायला निघून गेली.

आमसूल बाहेरच्या दाराकडे बघत होता, तसाच, जसा तो कधी काळी गेटकडे बघत बसला असेल. मी चष्मा काढला, शाल काढली आणि चमचा तोंडात घातला. काय सांगू. ओल्या वहीला भोपळ्याचा वास यावा तसं काही तरी, आणि मधेच चिकनचा एक तंतू दातात. मी अगदी माझ्या स्वतःच्या आवाजात ओरडले, "शी, मीठच नाहीये!"

आमसूल उठला, आला, माझं तोंड हुंगलं, आणि वाडग्यात तोंड घातलं. शेवटी वाडगा फरशीवरून ढकलत ढकलत फ्रिजपर्यंत नेला.

मी जिंकल्यासारखं काकूंकडे पाहिलं. तो जेवला होता की नाही? काकूंनी आधी हॉस्पिटलला फोन लावला आणि येत्या सोमवारची तारीख घेतली. मग माझ्याकडे वळल्या. "जेवला. पण पैज आवाजाची होती, आणि जेवला तो तुझ्या जिभेवर. नक्कल बंद."

काकू हॉस्पिटलात होत्या तोवर मी रोज चाखलं. मथुराबाईंनी ते पहिल्याच संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, आणि आता बी विंगमध्ये असं समजतात, की मला घरी पोटभर मिळत नाही. तळमजल्यावरून एक डबा आला. थालीपीठ होतं, मी खाल्लं.

काकू नवीन गुडघा घेऊन परत आल्या, दारातच आमसूलच्या बरगड्यांवरून हात फिरवला, आणि मला विचारलं, की काल भोपळा जरा जून होता म्हणे, चवीला कसा लागला? मी आठवून बघितलं. माझी हनुवटी आपोआप डावीकडे वळली.

"बरं आहे," मी म्हणाले.

"पैज हरली आहेस तू," काकू म्हणाल्या. "माझं 'बरं आहे' मला परत कर, आणि तुझं काय ते सांग."