‘पाणी आलं’ नावाचं वायफाय

त्या दुष्काळी वर्षांत बजाजनगरात आमच्या नळाला कधी पाणी येईल याचा नेम नसायचा. पाणी आलं की मोबाइलवर कळवणारं यंत्र करावं म्हणून मी एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मागवला. तो इतका नवा होता की मी वापरत असलेल्या ओपन सोर्स फ्रेमवर्कला, म्हणजे फुकट मिळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरला, त्याची ओळखच नव्हती. सुट्टीचे दिवस फोरमवर परदेशी लोकांना प्रश्न विचारण्यात आणि त्या सॉफ्टवेअरच्या फाइली बदलण्यात गेले. शेवटी एका दुपारी त्या बोर्डानं स्वतःचं वायफाय सुरू केलं. चाचणीपुरतं मी त्याला नाव दिलं होतं, ‘पाणी आलं’.

शेजारच्या काकू तेव्हा फोनमध्ये वायफाय शोधत होत्या. त्यांनी ते नाव वाचलं आणि गॅलरीतून सगळ्यांना हाक दिली. गल्लीभर पाणी खेचायच्या मोटारी सुरू झाल्या. माझी बायकोही हंडा घेऊन नळाशी बसली. नळातून नुसती हवा येत होती.

मी बाहेर जाऊन खरं काय ते सांगितलं.

“म्हणजे पाणी नाय,” काकू म्हणाल्या. “मग नेट तरी हाय का त्याच्यात?”

“नाही काकू. नुसतं नाव दिसतं.”

“एवढे दिवस लागले व्हय त्याला?”

मी घरात येऊन नाव बदललं आणि ‘पाणी नाही’ असं केलं. बोर्डानं ते पहिल्या झटक्यात घेतलं. मला इतका आनंद झाला की बायकोला बोलावून फोन दाखवला.

तिनं वाचलं आणि म्हणाली, “हे आम्हाला माहीत होतं.”