तांती एलोडीचे चिमुकले डाकू

एलोडी क्वाशी ऐन भरात होती, तेव्हा कार्निव्हलमध्ये तिच्या नुसत्या शिट्टीनं रस्ता थबकायचा. घमेल्याएवढी टोपी, टोपीला झालर, पाठीवर काळा झगा, आणि तोंडात अशी फुशारकी की ऐकणाऱ्याला वाटावं, आज काही आपण घरी जात नाही. मध्यरात्रीच्या डाकूचं हे कार्निव्हलचं सोंग पुरुषांनीच घ्यावं, असं म्हणणारे पुष्कळ होते. तिनं त्यांना भर चौकात एकेका अक्षरावर लोळवलं.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सांग्रे ग्रांदे शहराच्या पुढे, कोकोच्या बागांमधल्या गावात राहते. सगळं गाव तिला तांती म्हणतं, म्हणजे मावशीच. गेली अकरा वर्षं दर शुक्रवारी शेवटचा तास ती गावच्या शाळेत बालवर्गाला डाकूचं बोलणं शिकवते. वही नाही, पाटी नाही. आपल्या नावाचं पहिलं अक्षर पकडायचं, त्याच अक्षराचे शब्द गोळा करत बढाई मारायची, आणि शेवटच्या दोन ओळी यमकात बांधायच्या.

"यमक म्हणजे कडी," ती सांगायची. "कडी लावली नाही तर कैदी पळाला!"

आणि नियम एकच. दोन डाकू समोरासमोर आले की दोघांनीही बोलायचं. जो अडखळेल त्यानं वाट सोडायची आणि खंडणी द्यायची.

या शुक्रवारी नव्या मुख्याध्यापिकेचा, मर्लिन लेझामाचा, निरोप आला. बालवर्गाला अक्षरं ओळखता येत नाहीत, तो तास वाचनाला हवा आहे. आज बघायला येते, मग ठरवते. तांतीच्या आठवड्यात त्या तासाएवढं मोठं दुसरं काही नव्हतं. पण पडदा वर जाण्याआधी घाबरायची तिला सवय नव्हती.

"येऊ दे," ती म्हणाली. "प्रेक्षक वाढला की खेळ रंगतो."

मर्लिनबाई जिल्ह्याच्या बैठकीहून थेट आल्या. डोक्यावर काळी, रुंद काठाची नवी टोपी. दारात पाऊल पडतं न पडतं तोच शिट्टी वाजली. सहा वर्षांची गैत्री रामकिसून कमरेवर हात ठेवून वाटेत उभी.

"थांब! मी गैत्री! गडगडाटाच्या गावची, गरुडांची गुरू! मी गुरगुरले की गाढवं गप्प, गाई गारठतात, गव्हर्नर गुडघे टेकतो! वाट अडवशील तर वाऱ्याला धरीन, तुझ्या सावलीचं लोणचं बरणीत भरीन!"

तांती घाईनं पुढे सरसावली. पोरीनं टोपी पाहिली आणि बाईंना डाकू समजली!

"गैत्री, अगं या—"

"तांती, मध्ये बोलायचं नाही. त्यांची पाळी आहे."

मर्लिनबाईंनी तोंड उघडलं ते रागवायला. पण त्याही याच गावात, याच शिट्ट्या ऐकत वाढलेल्या. बाहेर पडलं ते भलतंच.

"मी मर्लिन! माझ्या मुठीत मेघ, माझ्या मागे मगरींचा मेळा! मी... मी..."

अडल्या. गैत्रीचे डोळे चमकले. आणि तांतीच्या तोंडून सवयीनं दबका आवाज निघाला, "मरणाला मिठाई मागायला लावते."

"मरणाला मिठाई मागायला लावते!" बाई गरजल्या. "मोजू नकोस माझ्या टोपीचे काठ, तुझ्यासारख्या गिळल्यात साठ!"

पोरांनी बाकं बडवली. गैत्री मात्र पाय आपटत होती. "तांती, तू कुणाच्या बाजूची गं?"

"ज्याची ओळ अडली त्याच्या, बाळा. उद्या तुझी अडली तर तुझ्या."

मर्लिनबाई हसत बाजूला झाल्या. "पोरगी खरं बोलते. मला तुमची मदत लागली, म्हणजे मी हरले." मग त्यांनी विचारलं, "तिचं हे बोलणं पाठ करून घेतलं होतं, तांती?"

"छे! गेल्या शुक्रवारी 'गाढवं' नव्हती. आत्ता सुचली तिला."

"एवढे 'ग'चे शब्द तिला ऐकून सापडतात, पण फळ्यावरचा 'ग' ओळखत नाही."

"मग तू लिही की. आधी त्यांच्या तोंडातून येऊ दे, पाठोपाठ तू फळ्यावर घे. आपलंच बोलणं कुणाला वाचावंसं वाटणार नाही?"

बाईंनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि खडू उचलला.

"शुक्रवार तुमचाच. पण मीही येणार."

"आणि खंडणी?" गैत्रीनं हात पुढे केला. "चिंचेच्या गोळ्या. सगळ्यांना!"

"आणते. आधी सांग, गडगडाटाच्या पुढे काय होतं?"

गैत्री सांगू लागली. खडू तिच्या मागे धावू लागला.