डेसिकेटरमधले पापड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि पापड तर तिचेच होते.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या धुणं, लेबलं लावणं, आणि सगळ्यांना अक्कल शिकवणं — हे शेवटचं बिनपगारी. आमची वैशाली, म्हणजे संशोधक हं, एका साखरेच्या मागे लागली होती. ट्रेहॅलोज. अळंब्यांत असते, यीस्टमध्ये असते. आपलं शरीर मात्र ती बनवत नाही. वैशालीचं म्हणणं, माणसाच्या त्वचेच्या पेशी या साखरेत मुरवल्या तर वाळवल्यावरही तग धरतील. पाणी गेलं की साखर त्याच्या जागी उभी राहते, पेशीचं नाजूक आवरण कोसळू देत नाही. जमलं, तर भाजलेल्या माणसासाठी अशा पेशी बर्फाशिवाय कुठेही नेता येतील. केवढी गोष्ट ही!

वाळवायला डेसिकेटर — घट्ट झाकणाचं काचेचं भांडं, तळाशी ओल शोषणारे निळे खडे. ओल प्यायले की गुलाबी होतात. आत पेशींच्या बशा, अर्ध्या साखरेच्या, अर्ध्या बिनसाखरेच्या.

आता — कसं सांगू? करी रोडला आमच्या घरी श्रावणात तळलेल्या पापडाचं तासाभरात चामडं होतं. आणि मुंबईतली सगळ्यात कोरडी जागा माझ्या ताब्यात! ठेवली एक पिशवी आत, बशांच्या मागे, वैशालीला दिसणार नाही अशी. रोज जेवताना झाकण उघडायचं, चार काढायचे. वैशालीलाही द्यायचो.

"दादा, करी रोडची हवा वेगळी आहे का हो? आमचे तर चावता चावत नाहीत."

मी लाजल्यासारखं करायचो.

चौथ्या दिवशी खडे गुलाबी. बशा ओलसर. तेव्हाच बोललो असतो तर? चार दिवस वाया गेले असते, एवढंच. पण मी — गुपचूप नवे खडे भरले. निळेशार.

त्याच दुपारी तपासणी झाली. दोन्हीकडच्या पेशी सारख्याच जगल्या. वाळल्याच नव्हत्या, मरतील कशाला? साखरेचा उपयोग काही दिसेना. साहेबांनी ते काम बंद केलं. "माझाच हात चुकला असणार, दादा," वैशाली म्हणाली. आणि मी काय केलं? चहा आणून दिला.

पाच वर्षांनी, यंदा, तिने तोच प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी मी झाकणाला कुणाला बोट लावू दिलं नाही. बिनसाखरेच्या पेशी गेल्या. साखरेच्या बशांत मात्र पाणी परत दिल्यावर बऱ्याच जणी सूक्ष्मदर्शकाखाली हातपाय पसरून बसल्या होत्या — घरी आल्यासारख्या. वैशालीने मला हाताला धरून ओढत नेलं, आधी मला दाखवलं.

आज सकाळी तिने अहवालाचा मसुदा प्रिंटला दिला. त्यात एक वाक्य होतं : 'पहिला प्रयत्न माझ्या हाताळणीतील चुकीमुळे फसला.'

माझ्या — म्हणजे तिच्या.

मी ते खोडलं. वर पेनाने माझं नाव लिहिलं आणि समासात, जागा पुरली तेवढं, खरं काय झालं ते. कागद तिच्या टेबलावर आहे. ती आत्ता चष्मा लावतेय.