राखेचं दार

ह्यांनी परसातल्या, पाव भाजायच्या विटांच्या भट्टीला दार केलं. पत्र्याचे दोन थर, मध्ये चाळलेली राख ठासून भरलेली. "हात लावून बघ," म्हणाले. आत विटा रसरशीत तापलेल्या, आणि दार गार! त्या गारव्यालाच मी फसले. भट्टी निवली असेल, पाव भाजायला वेळ लागेल, असं समजून तो आत तसाच राहू दिला. काढला तेव्हा कोळसा झाला होता.

"बाहेरून हात लावून काय कळणार? उघडून बघायचं!" हे चिडले.

आठ दिवसांपूर्वी लेक सासरहून एकटीच आली आहे. रोज मी तिच्या पाठीवर हात ठेवते. "बरी आहे गं आई," म्हणते ती. आणि मी, सुटल्यासारखी, हात काढून घेते.