भिऊन भिऊन गाणारे दाजी

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मिळून जेवढी भीती असेल, तेवढी माझ्या दाजींच्या एकट्याच्या पोटात मावते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुरुडला राहतात, स्वतः गाणी रचतात आणि डफावर गातात. गळ्याला वारा लागेल म्हणून ऐन मे महिन्यातही मफलर सोडत नाहीत. पालीला भितात, लिफ्टला भितात, फोटो काढणाऱ्यालाही भितात. नांदेडला एका रेकॉर्डिंगसाठी गेलो, तर चार मजले जिन्याने चढले. वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. 'आवाज खालीच राह्यला बगा, यायलाय हळूहळू,' म्हणाले. प्रत्येक कार्यक्रमाआधी अक्का, म्हणजे माझी बहीण, त्यांना पाठीला हात लावून मंचावर ढकलते.

अशा माणसाने गेल्या उन्हाळ्यात नदीवर गाणं रचलं. वाळू उपसून पात्रात खड्डे पडले होते आणि त्यातल्याच एकात धुणं धुवायला गेलेली गावातली बाई बुडाली होती. दाजींनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. नदीचं पोट कुणी फाडलं, एवढंच विचारलं होतं. गाणं मोबाइलवरून गावोगाव गेलं आणि एका सकाळी दाजींच्या दारात वाळूवाल्यांची जीप थांबली. आत बसूनच एकाने सांगितलं, "शाहीर, हे गाणं पुन्हा म्हनायचं न्हाई. गळा एकच असतोय मानसाला." तेव्हापासून रस्त्यावर गाडी वाजली, की दाजींच्या हातातला घास ताटात पडायचा.

पुढे शिरूर अनंतपाळला दुपारचा कार्यक्रम होता. मी मोटारसायकलवर नेलं. वाटभर त्यांनी माझा शर्ट मुठीत आवळला होता. अक्का एसटीने आधीच पोचली होती. पाहतो तर पहिल्याच रांगेत जीपमधली माणसं! दाजींनीच मला डोळ्यांनी दाखवली. दाजींनी लग्नाची, सासूसुनेची गाणी म्हटली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "नदीचं होऊ द्या!"

दाजींनी अक्काकडे पाहिलं. तिने मानेनंच 'नको' म्हटलं. तेव्हा बायकांमधून बुडालेल्या बाईची आई उठली; त्या बाईचं माहेर तिथलंच. नुसती उभी राहिली.

दाजींनी डफ घेतला. ठेका सारखा चुकत होता. शब्द मात्र एकही गिळला नाही. गाणं संपलं तरी टाळी वाजली नाही. पहिल्या रांगेतले उठले आणि आमच्याकडे बघत बघत निघून गेले. दाजी मंचामागे येऊन भडाभडा ओकले.

"लई भ्यालो रे," तोंड पुसत म्हणाले, "पन ती माय हुबी हाय म्हनल्यावर मी गप बसू कसा?"

कुणी काही केलं नाही. अजून तरी. पण दाजींनी बाहेर गाणं सोडलं ते सोडलंच. परवा मुरुडला गेलो, तर घरामागच्या शिवारात सोयाबीन काढणाऱ्या बायका तेच गाणं मोठ्यानं म्हणत होत्या. मध्येच त्यांनी स्वतःचं एक कडवं घातलं. दाजी बांधावर उभे होते.

"हे माझं न्हाई," ते हळूच म्हणाले. मग, "माझ्यापरीस चांगलं हाय."

आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.